जबाबदारीने जुगार : जबाबदारी कोणाची?

मुंबईला हिवाळा असा फारसा लाभत नाही. हिवाळी हंगाम मात्र लाभला आहे. पुण्याचा पावसाळी हंगाम आटोपला की शर्यतीचे घोडे महालक्ष्मीला येतात आणि नोव्हेंबरच्या सुमारास सुरू झालेल्या शर्यती एप्रिलपर्यंत चालतात. फेब्रुवारीच्या आरंभी इंडियन डर्बी होते. याच महिन्यांत क्रिकेटलाही बहर येतो. ज्या देशांत खरोखरच बर्फ पडतो तेथे बर्फावरील हॉकी आणि डोंगरउतारावरून घसरत जाण्याच्या शर्यती याच दिवसांत रंगतात. या सर्व खेळांना आज एकत्र बांधणारे सूत्र म्हणजे पैज. ज्याने बर्फ केवळ उसाच्या रसाच्या पेल्यात पाहिला आहे असा मुलुंडचा तरुणही आता खिशातील फोनवरून युरोपातील बर्फावरच्या शर्यतीचा भाव विचारू शकतो. गेल्या काही वर्षांत या व्यवहाराला एक शिष्टसंमत विशेषणही मिळाले आहे : जबाबदारीने खेळा.

हे वाक्य आपण सर्वांनी ऐकले आहे. २०२० च्या अखेरीस जाहिरातींसाठी आचारसंहिता आली आणि पैशाच्या खेळांच्या प्रत्येक जाहिरातीच्या शेवटी, या खेळात आर्थिक धोका आहे, त्याची सवय लागू शकते, तेव्हा जबाबदारीने व स्वतःच्या जोखमीवर खेळा, अशी सूचना देणे भाग पडले. सामन्याच्या दोन षटकांमधल्या वेळात हे सारे एका दमात उच्चारले जाई. आधी नामवंत खेळाडूने अर्धा मिनिट आमंत्रण द्यायचे आणि अखेरीस दोन-तीन सेकंदांत अनोळखी आवाजाने सावध करायचे, अशी ही रीत होती. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशाच्या ऑनलाइन खेळांवर सरसकट बंदी घालणारा कायदा केला. खेळ चालविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद व एक कोटीपर्यंत दंड आणि जाहिरात करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद व पन्नास लाखांपर्यंत दंड अशी तरतूद त्यात आहे. खेळणाऱ्यास मात्र शिक्षा नाही. कायदा त्याला गुन्हेगार न मानता बळी मानतो. कायदा होताच मोठ्या कंपन्यांनी पैशाचे खेळ बंद केले आणि भारतीय क्रिकेट संघाच्या छातीवरील नावही उतरले. तेव्हा प्रश्न मिटला असे कोणास वाटल्यास नवल नाही. परंतु मुंबईचा इतिहास जाणणाऱ्याने इतक्या लवकर निःश्वास टाकू नये.

कापसाच्या भावापासून मटक्यापर्यंत

पैजेच्या बाबतीत ही नगरी पहिल्यापासूनच कल्पक आहे. १८८७ च्या मुंबई जुगार प्रतिबंधक कायद्यात जुगाराच्या अड्ड्याची जी व्याख्या आहे ती या कल्पकतेची साक्ष देते. कापसाच्या भावावर, त्या भावातील आकड्यांवर, समभागांच्या किमतीवर, इतकेच नव्हे तर पाऊस पडेल की नाही आणि पडल्यास किती पडेल यावरही लोक पैजा लावतात हे गृहीत धरून ती व्याख्या रचलेली आहे. कायद्याने एक वाट बुजवावी आणि लोकांनी दुसरी काढावी, हा क्रम तेव्हापासून चालत आला आहे.

न्यूयॉर्कच्या कापूसबाजारात भाव कितीवर उघडला आणि कितीवर बंद झाला ते आकडे तारेने मुंबईस येत आणि त्यांवर येथे आकडा लावला जाई. १९६१ मध्ये ते आकडे येणे थांबले. दुसऱ्याच वर्षी कच्छमधून आलेल्या कल्याणजी भगत यांनी वरळीचा मटका सुरू केला आणि १९६४ मध्ये रतन खत्री यांनी आपला स्वतंत्र मटका काढला. न्यूयॉर्कचा भाव गेला, पत्त्यांवरून काढलेला आकडा आला. पण ‘ओपन’ आणि ‘क्लोज’ हे शब्द राहिले ते राहिलेच. गिरणगावातील चाळींपासून भांडुप-मुलुंडच्या कारखान्यांच्या फाटकांपर्यंत पानाच्या गादीवर चिठ्ठी लिहून देणारा माणूस बसलेला असे. आणीबाणीत खत्री यांना तुरुंगात ठेवण्यात आले. आणीबाणी संपली, मटका संपला नव्हता. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. तरीही आकडा बंद पडला नाही.

या इतिहासाकडे पाहण्याची आपल्या मध्यमवर्गाची एक खास दृष्टी होती. मटका हा कामगाराचा नाद, रेस हा श्रीमंताचा शौक आणि आपण दोहोंपासून दूर, असे विलेपार्ल्याच्या किंवा बोरिवलीच्या नोकरदाराला प्रामाणिकपणे वाटे. त्याच्या घरी रमीचा डाव फार तर गणपतीच्या जागरणाला पडे. हे अंतर आता उरलेले नाही. फोनने ते पुसून टाकले. पानाच्या गादीपाशी उभे राहण्याची ज्याला लाज वाटली असती, त्याला चर्चगेटच्या जलद गाडीत उभ्या उभ्या सामन्यावर पैसे लावण्यात लाज वाटेनाशी झाली. कारण ते दिसत नाही. पूर्वी आकडा लावणारा गल्लीला ठाऊक असे, आणि गल्लीला ठाऊक आहे ही जाणीव हाच त्याच्यावरचा काहीसा अंकुश असे. आज बायकोला, भावाला किंवा शेजारच्या टेबलावरील सहकाऱ्यालाही पत्ता नसतो.

कौशल्याचे आमिष

सुशिक्षिताला या वाटेवर आणणारा शब्द मात्र ‘जबाबदारी’ हा नव्हे. तो शब्द ‘कौशल्य’ हा आहे. निव्वळ नशिबाचा खेळ तो जुगार आणि कौशल्याचा खेळ तो जुगार नव्हे, हा भेद आपल्या न्यायालयांनी फार पूर्वीच केला. शब्दकोड्यांच्या बक्षीसयोजना चालविणाऱ्या चमारबागवाला यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये असे सांगितले की, जुगार हा व्यापारच नव्हे, तेव्हा व्यापारस्वातंत्र्याचे घटनात्मक संरक्षण त्याला मागता येणार नाही. कौशल्याच्या स्पर्धा मात्र वेगळ्या. १९९६ मध्ये त्याच न्यायालयाने घोड्यांच्या शर्यती कौशल्यात मोडतात असा निर्णय दिला. २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने क्रिकेटचे काल्पनिक संघ बनविण्याचा खेळही कौशल्याचाच मानला. कायद्याच्या दृष्टीने या भेदाला अर्थ असेल. पण सामान्य माणसाने त्यातून भलताच बोध घेतला. जो खेळ कौशल्याचा आहे त्यात आपण अभ्यास केला तर जिंकू, असे त्याला वाटू लागले. ज्याने आयुष्यभर परीक्षा दिल्या आणि अभ्यास केला की गुण मिळतात हे अनुभवले, त्या शिक्षकाला व कारकुनाला हे आमिष मटक्यापेक्षा अधिक घातक आहे. मटकेवाल्याला निदान आपण नशिबावर भरवसा ठेवतो हे माहीत असे.

येथे थोडे अंकगणित करावे. मटक्यात दहा आकड्यांपैकी एक लागतो आणि लागल्यास सर्वसाधारणपणे रुपयाला नऊ रुपये मिळतात. दहाही आकड्यांवर एकेक रुपया लावला तर दहा देऊन नऊ परत येतील. म्हणजे पैसा एकदा फिरला की सरासरीने त्यातला दहावा हिस्सा गेला. सात वेळा फिरला की निम्म्याहून कमी उरला. क्रिकेटचा बुकी अधिक सभ्य दिसतो. समसमान सामन्यात तो शंभराला नव्वद देतो असे धरू. एखाद्याने हंगामात शंभर सामन्यांवर प्रत्येकी शंभर रुपये लावले आणि निम्मे अंदाज बरोबर आले, तर पन्नास वेळा नव्वद मिळून साडेचार हजार येतात आणि पन्नास वेळा शंभर जाऊन पाच हजार जातात. नुसती बरोबरी साधायची तरी शंभरात त्रेपन्न अंदाज बरोबर यावे लागतात. महालक्ष्मीच्या टोटवरही तत्त्व हेच. जमलेल्या रकमेतून क्लबचा व सरकारचा हिस्सा आधी बाजूला निघतो, उरलेले जिंकणारे वाटून घेतात. काही थोडे पंटर खरोखर घोडा ओळखतात हे मान्य. पण ते जिंकतात ते इतर पंटरांच्या खिशातून, क्लबच्या नव्हे. कौशल्य एखाद्याला दुसऱ्यापेक्षा वर नेईल. सर्वांना मिळून ते कधीच वर नेत नाही.

याचा पडताळा जुगाराबाहेरही मिळतो. समभागांच्या वायदेबाजाराला कोणी जुगार म्हणत नाही आणि तेथे अभ्यासाला वाव आहे हे निर्विवाद. तरीही ‘सेबी’ने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार, त्याआधीच्या तीन आर्थिक वर्षांत फ्यूचर्स व ऑप्शन्समध्ये उतरलेल्या व्यक्तिगत गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्के लोक तोट्यात गेले आणि त्यांचा एकूण तोटा १ लाख ८० हजार कोटी रुपयांहून अधिक होता. घाटकोपर, मुलुंड, बोरिवली येथील किती घरांतून हा पैसा गेला याची मोजदाद कोणी केलेली नाही. जेथे हिशेब उघड आहेत आणि नियंत्रक जागा आहे तेथे ही स्थिती असेल, तर जेथे हिशेब बुकीच्या वहीत आहे तेथे ती काय असेल याची कल्पना करावी.

सरकारचे दोन हात

बेजबाबदारीचा दोष केवळ खेळणाऱ्यावर टाकता येणार नाही. या विषयात सरकारचा एक हात काठी उगारतो आणि दुसरा पेटी पुढे करतो. महाराष्ट्राने एप्रिल १९६९ मध्ये स्वतःची लॉटरी काढली. लोकांचा पैसा मटक्याकडे न जाता विकासाकडे यावा, असा तिचा युक्तिवाद होता. १९७६ मध्ये याच राज्याने कॅसिनोंवर नियंत्रण व कर बसविणारा कायदा संमत केला. तो कधीही अमलात आणला नाही आणि तब्बल ४७ वर्षे रद्दही केला नाही. अखेर २०२३ मध्ये विधिमंडळाने तो मोडीत काढला. जवळजवळ अर्धे शतक महाराष्ट्र सरकारला जुगार हवा आहे की नको हे ठरविता आले नाही, असाच याचा अर्थ. शेजारच्या गोव्याने मांडवीत कॅसिनो तरंगू दिले आणि २०२० मध्ये स्थानिक रहिवाशांना तेथे जाण्यास बंदी केली. आपल्या माणसांना जे अपायकारक म्हणून नाकारायचे, तेच शनिवारी मुंबई-पुण्याहून येणाऱ्या पाहुण्याला वाढायचे, ही आतिथ्याची एक नवीनच तऱ्हा म्हटली पाहिजे.

केंद्राचे धोरणही याहून वेगळे नव्हते. ऑनलाइन खेळांत लावलेल्या पूर्ण रकमेवर १ ऑक्टोबर २०२३ पासून २८ टक्के वस्तू व सेवा कर बसला, तेव्हा या धंद्याला एक प्रकारची मान्यताच मिळाली. दोन वर्षे पुरी होण्याच्या आत तोच धंदा समाजविघातक ठरला. ४५ कोटी लोक यात दर वर्षी सुमारे वीस हजार कोटी रुपये गमावतात, असा अंदाज बंदीच्या वेळी सरकारकडूनच सांगण्यात आला. ही समज २०२३ मध्ये आली असती तर काही घरे वाचली असती. शर्यतींना आणि लॉटरीला बंदी नाही. त्यांवरील कर २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के झाला. म्हणजे शर्यतीच्या दिवशी महालक्ष्मीच्या आवारात लावलेली पैज कायदेशीर, तीच अंधेरीच्या नाक्यावर लावली तर गुन्हा आणि फोनवर लावली तर ती घेणाऱ्याचा तिसऱ्याच कायद्याखालचा गुन्हा. कायद्याचा आदर वाढावा असे या व्यवस्थेत फारसे काही नाही.

बंदीच्या बाजूने एक गोष्ट निश्चित सांगता येते. तिने आमंत्रण थांबविले. शाळकरी मुलांच्या आवडत्या खेळाडूंनी त्यांना पैसे लावण्यास सांगावे, हा प्रकार बंद झाला हे लहान यश नव्हे. परंतु जो आधीच नादी लागला आहे त्याला बंदी सोडवीत नाही. ती त्याला परवान्याच्या दुकानातून बिनपरवान्याच्या दुकानात पाठविते. परदेशांतून चालणाऱ्या बेकायदा अड्ड्यांना वयाचा दाखला लागत नाही, मर्यादा लागत नाही आणि कर तर नाहीच. विधी आयोगाने जुलै २०१८ च्या आपल्या २७६ व्या अहवालात हा पेच नीट मांडला होता. बंदी इष्ट आहे, पण ती परिणामकारक करता येत नसेल तर नियमन हाच मार्ग उरतो, असे त्याने म्हटले. असे नियमन करायचे तर व्यवहार रोखीने नसावेत, ते आधार व पॅनशी जोडलेले असावेत, किती वेळा व किती रकमेचा खेळ खेळावा याला मर्यादा असावी आणि अल्पवयीनांना व सरकारी साहाय्यावर जगणाऱ्यांना त्यापासून दूर ठेवावे, असेही सुचविले. त्या अहवालावर जेवढा विचार व्हायला हवा होता तेवढा झाला नाही.

बर्फाळ देशांचा धडा

ज्या देशांत हिवाळी खेळ राष्ट्रीय अभिमानाचे आहेत त्यांनी काय केले हे पाहणे उद्बोधक ठरेल. नॉर्वेमध्ये पैजेचा व्यवसाय सरकारी मालकीच्या कंपनीच्या हाती आहे आणि एका खेळाडूने एका महिन्यात किती गमवावे याला तिने कमाल मर्यादा घातली आहे. ती वीस हजार क्रोनरची आहे. हा आकडा आपल्याला मोठा वाटेल, पण त्यामागील विचार लक्षात घ्यावा. मनावर ताबा ठेवा असा उपदेश करीत न बसता तेथे गल्ल्यालाच कुलूप बसविले आहे. ब्रिटनने अनेक वर्षे मोकळीक देऊन पाहिली आणि एप्रिल २०२० मध्ये क्रेडिट कार्डावर, म्हणजेच उसन्या पैशावर, पैज लावण्यास मनाई केली. ऑस्ट्रेलियाचे उदाहरण तर आपल्या विषयाच्या मुळालाच हात घालते. तेथेही जाहिरातींच्या शेवटी ‘जबाबदारीने’ हाच शब्द असे. मार्च २०२३ पासून सरकारने तो काढून टाकायला लावला आणि त्या जागी तुम्ही बहुधा हरणार आहात, यात तुमचे खरोखर काय जात आहे, अशा अर्थाची स्पष्ट वाक्ये घातली.

असे का करावे लागले? कारण ‘जबाबदारीने खेळा’ हे वाक्य वरकरणी इशारा वाटत असले तरी प्रत्यक्षात ते हात झटकण्याचे साधन आहे. तुम्ही हरलात तर तुम्ही बेजबाबदार होता, असे ते आधीच सांगून ठेवते. दुकान कसे मांडले आहे, पैसे भरणे सोपे आणि काढणे अवघड का आहे, हरल्यानंतर लगेच ‘बोनस’ देऊन परत का बोलाविले जाते, हे प्रश्न मग कोणी विचारीत नाही. परदेशांतील पाहण्यांतून हेही वारंवार दिसून आले आहे की, या धंद्याच्या उत्पन्नाचा मोठा वाटा थोड्याशा लोकांकडून येतो, आणि ते नेमके नादी लागलेले लोक असतात. सगळे गिऱ्हाईक खरोखर जबाबदार झाले तर धंदा चालणार नाही. दुकानदाराने मनापासून देऊ नये असा हा सल्ला आहे. आपल्या रंगभूमीला हे सत्य गडकऱ्यांपासून ठाऊक आहे. ‘एकच प्याला’ या नावातच ‘एकच’ या शब्दाची फसवणूक उघडी पडलेली आहे.

मग करावे काय?

प्रौढ माणसाने आपल्या कष्टाचे शंभर रुपये घोड्यावर लावले तर सरकारने किंवा लेखकाने त्याचा हात धरू नये, हे तत्त्व आम्हाला मान्य आहे. डर्बीच्या दिवशी हौसेने महालक्ष्मीला जाणारा माणूस पापी नव्हे. पण जबाबदारी या शब्दाला अर्थ द्यायचा असेल तर त्याच्या कसोट्या खेळविणाऱ्याने नव्हे, घराने ठरविल्या पाहिजेत. पहिली ही की, लावलेला पैसा नाटकाच्या तिकिटासारखा, दिल्याक्षणी गेला असे समजावे. परत आला तर तो योगायोग. दुसरी, उसन्या पैशाने पैज नाही. पतपेढीचे कर्ज, भविष्यनिर्वाह निधीची उचल, सणाची आगाऊ रक्कम, फोनवर मिनिटात मिळणारे कर्ज, यांपैकी काहीही नाही. तिसरी, गेलेले भरून काढण्यासाठी दुसरी पैज नाही. सर्वनाशाची सुरुवात पहिल्या पैजेत नसते, या दुसरीत असते. चौथी कसोटी या साऱ्यांहून सोपी आणि कडक आहे. जी पैज घरात सांगता येत नाही ती जबाबदारीची नव्हे.

ज्याला या कसोट्या पाळता येईनाशा झाल्या आहेत त्याला उपदेशाचा उपयोग नाही. त्याला उपचार हवेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणात जुगाराचे व्यसन हा विकार म्हणून नोंदलेला आहे आणि दारूच्या व्यसनाप्रमाणे त्यावरही उपाय आहेत. १४४१६ या क्रमांकावर ‘टेली-मानस’ ही सरकारी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून विनामूल्य सल्ला देते. महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत. कुटुंबीयांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. १८७२ च्या करार कायद्यानुसार पैजेचा करार निरर्थक असतो. बुकीचे देणे न्यायालयातून वसूल करता येत नाही. धाकदपटशाला भिऊन दागिने मोडण्यापूर्वी वकिलाला आणि पोलिसाला गाठावे. बँकेचे कर्ज मात्र फेडावेच लागते, आणि म्हणूनच दुसरी कसोटी महत्त्वाची.

सरकारकडून अपेक्षा तीन. बेकायदा अड्ड्यांकडे जाणारा पैसा बँकांच्या व यूपीआयच्या वाटेवरच अडवावा. कायद्याने तो अधिकार दिला आहे आणि पानाच्या गादीवर छापा घालण्यापेक्षा हे काम अधिक उपयोगाचे आहे. शर्यती आणि लॉटरी यांतून जो कर मिळतो त्यातला ठरावीक भाग व्यसनमुक्तीसाठी राखून ठेवावा. रोगावर कर घ्यायचा आणि रोग्याला वाऱ्यावर सोडायचे हे कल्याणकारी राज्याला शोभत नाही. आणि शाळांतून संभाव्यतेचे गणित शिकविताना पेटीतील लाल-पांढऱ्या चेंडूंबरोबरच नऊ देऊन दहा घेणाऱ्या मटक्याचा हिशेबही मुलांपुढे मांडावा. हे काम करायला शिक्षकाला नव्या कायद्याची किंवा परिपत्रकाची वाट पाहावी लागणार नाही.

कापसाचा भाव गेला तेव्हा मटका आला आणि मटक्याच्या चिठ्ठीची जागा फोनने घेतली. उद्या आणखी काही येईल. प्रत्येक वेळी कायदा एक पाऊल मागे राहील, हे या शहराच्या दीडशे वर्षांच्या अनुभवावरून सांगता येते. जे पुढे राहू शकते ते घरातील मोकळे बोलणे आणि पाचवी-सहावीचे अंकगणित. जबाबदारीने जुगार कसा खेळावा हे शिकविण्यासाठी कंपन्या पुष्कळ खर्च करीत आल्या. जुगारात अखेर कोण जिंकतो हे शिकविण्यासाठी एक फळा आणि खडू पुरेसा आहे.